जुन्या वास्तूंची स्ट्रक्चरल इंजिनिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणारे फोन तीन प्रकारचे असतात. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात, "मॅडम, या लाइनला स्कोप आहे का?" वाड्यांचे मालक विचारतात, "अजून किती वर्षं काढेल?" आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी, ज्यांना इमारतीची आठवण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येते, ते विचारतात, "उद्या येऊ शकाल का?" तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली. मी पुण्याची, काम बहुतेक मुंबईत, अधूनमधून कोकण आणि गोवा.

तुम्ही आर्किटेक्ट ना?

नाही. जुन्या वास्तूत काय जपायचं, कुठला थर मूळचा आणि कुठला नंतर कोणीतरी चिकटवलेला, हे संवर्धन वास्तुविशारद ठरवतात. वजन कुठून निघतं, कुठून जातं आणि जमिनीत कुठे उतरतं, हे मी शोधते. नव्या इमारतीत ही वाट मीच आखलेली असते. जुन्यात ती आधीच ठरलेली असते, फक्त नकाशा हरवलेला असतो. कित्येकदा नकाशा कधी नव्हताच. मिस्त्रीच्या डोक्यात होता आणि त्याच्याबरोबर गेला.

या कामात कशा आलात?

अपघाताने. नव्या इमारती डिझाइन करणाऱ्या एका ऑफिसात नोकरीला होते. साहेबांनी एका जुन्या चाळीत धाडलं: "बीम तपासून ये." तिथे बीम नव्हतेच. लोखंडी गर्डर आणि दोन गर्डरांच्या मध्ये विटांच्या बुटक्या कमानी. जॅक आर्च. चार वर्षांच्या कॉलेजात मला हे कोणी दाखवलं नव्हतं. मापं घेतली, कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या ठरलेल्या मानकांप्रमाणे, हिशेब मांडला आणि उत्तर आलं की ती मजल्याची जमीन केव्हाच पडायला हवी होती. त्याच जमिनीवर बसून एका आजींनी मला चहा दिला. कपाट, पलंग, धान्याचे डबे, सहा माणसं, सगळं वर्षानुवर्षं तिथेच.

ऑफिसात परतल्यावर साहेब म्हणाले, "पाडायला सांग, आपल्याला कशाला रिस्क?" ते वाक्य मला पटलं नाही, इतकंच.

गणित सांगतं पडायला हवी, तरी उभी कशी?

कारण गणित दुसऱ्याच इमारतीचं असतं. कॉलेजात आपण आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट, आणि स्टील शिकतो. तिथे प्रश्न असतो ताकदीचा: हा माल इतका ताण घेईल का? दगडी बांधकामात ताकदीचा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. पंधरा मीटर उंच दगडी भिंत स्वतःच्या वजनाने तळाशी दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ४ किलो भार देते. आपला काळा दगड १,००० किलोच्या पुढे सहज झेलतो. चिरडून पडलेली भिंत मी आजवर पाहिलेली नाही. भिंती फुगून पडतात, सरकून पडतात, खालची जमीन खचून पडतात.

म्हणजे हा सगळा भूमितीचा खेळ. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७५ मध्येच सांगून ठेवलं की साखळी टांगल्यावर जो आकार घेते, तोच उलटा केला की कमान उभी राहते. साखळीत नुसता ताण, कमानीत नुसता दाब. ही दाबाची रेघ दगडाच्या जाडीच्या आत राहिली की कमान उभी. रोममधल्या सेंट पीटरच्या घुमटाला भेगा पडल्या, तेव्हा १७४३ मध्ये इटालियन गणितज्ञ जोव्हान्नी पोलेनी यांना बोलावलं. त्यांनी घुमटाच्या वजनाच्या प्रमाणात साखळीला वेगवेगळी वजनं लावली, ती टांगली आणि तिची रेघ घुमटाच्या जाडीत बसते हे दाखवून दिलं. भेगा होत्या, पण घुमट पडणार नव्हता. तरी त्यांनी आणखी लोखंडी कडी घालायला सांगितलीच. माणूस शहाणा होता.

हे मी अजूनही करते. कागदावर कमान काढते, दोरीला नट-बोल्ट बांधते आणि टांगते. क्लायंटला कॉम्प्युटरचे रंगीत आलेख कळत नाहीत, दोरी कळते.

कमान स्वतः मात्र फारशी दगा देत नाही. तिचे पाय सरकले तर ती जाते. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महापुरात गेला, त्यानंतर जुन्या पुलांबद्दल मला बरेच फोन आले. सगळे विचारत होते कमान कशी तपासायची. मी विचारत होते, पायाजवळची माती पाण्याने किती उपसलीये ते शेवटचं कोणी, कधी बघितलं?

भिंतीला भेग गेलीये. धोका आहे का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि याचं उत्तर फोनवर देता येत नाही. भेग म्हणजे इमारतीने स्वतःची केलेली सोय. जमीन थोडी हलली, भिंतीने सांधा उघडला, नवी वाट शोधली आणि ती पुन्हा स्थिर झाली. अशा भेगा घेऊन दोनशे वर्षं उभ्या असलेल्या वास्तू आहेत. मला भेगेची रुंदी नंतर हवी असते. आधी हवं असतं की ती अजून चालू आहे की थांबली.

त्यासाठी जुना उपाय म्हणजे काचपट्टी. भेगेच्या दोन्ही बाजूंना पातळ काच चिकटवायची, वर तारीख लिहायची. काच तडकली की भेग जागी आहे. हल्ली प्लास्टिकचे मोजमाप असलेले गेज मिळतात, मिलिमीटरचा दहावा भागही वाचता येतो, पण मला काच आवडते, कारण ती घरातल्या लोकांनाही वाचता येते. एकदा पुण्यात तीन काचा एकाच रात्री फुटल्या. धावत गेले. घरातल्या नातवाने रबरी चेंडूने क्रिकेट खेळलं होतं.

काचा एक वर्ष ठेवाव्या लागतात, एक महिना नाही. आपल्याकडे काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची भिंत तिच्याबरोबर श्वास घेते. मे महिन्यात उघडणारी भेग सप्टेंबरात मिटते. मे महिन्यात बघितलं तर इमारत पडायला आली असं वाटतं, सप्टेंबरात बघितलं तर सगळं ठीक. दोन्ही चूक. सेक्रेटरींना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, त्यांना परवाच्या मीटिंगमध्ये रिपोर्ट ठेवायचा असतो.

ताबडतोब बघण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत: भिंतीला बाहेरून पोट आलंय, खांब तळखड्यावरून, म्हणजे खालच्या दगडावरून, घसरलाय, तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे ओल आणि भुसा दिसतोय, दार कालपर्यंत लागत होतं आणि आज लागत नाही. यातलं काही असेल तर खाली टेकू लावा, माणसं हलवा आणि मग फोन करा.

सिमेंटने दुरुस्ती का करू देत नाही?

कारण एकदा मी करू दिली होती. नोकरीला लागून तीनच वर्षं झाली होती. मुंबईतली एक जुनी इमारत, मालाड स्टोनच्या भिंती, पिवळसर, मऊ दगड. सांध्यातला चुना भुगा झाला होता. ठेकेदार म्हणाला, सिमेंटने सांधे भरतो, पक्कं काम होईल. मी सही केली. दिसायला झकास झालं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गेले तर सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा कडक आणि त्यांच्यामधला दगड पापुद्रे सुटून आत गेलेला, जणू चौकटी शिल्लक आणि चित्रं गायब.

झालं असं की भिंतीतलं पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यातून बाहेर यायचं आणि वाळायचं. सिमेंटने ती वाट बुजवली. पाणी दगडातूनच निघायला लागलं, बरोबर क्षार घेऊन. क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन बसले आणि त्यांनी दगड आतून फोडला. वर सिमेंटमध्ये स्वतःचे क्षार असतात ते वेगळेच. सांधा दगडापेक्षा मऊ असायला हवा. खराब व्हायचा तर सांधा व्हावा, तो तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा भरता येतो. दगड पुन्हा भरता येत नाही.

ते सिमेंट नंतर छिन्नीने हाताने काढायला लागलं, मूळ कामाच्या कितीतरी पट खर्च झाला आणि दगडाच्या कडा गेल्या त्या गेल्याच. त्या रस्त्याने जायची वेळ आली की मी अजूनही पलीकडच्या फुटपाथने जाते.

मग चुना कुठून आणता? आणि त्यात गूळ, बेलफळ, उडीद घालतात ते खरं का?

चुनखडी भट्टीत भाजायची, निघालेला कळीचा चुना पाण्यात विझवायचा आणि तो मुरू द्यायचा. जितका जुना तितका लोण्यासारखा. वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळायचा. पूर्वी बैल फिरायचे, आता मोटर फिरते. ओल्या जागेसाठी त्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालतात, म्हणजे तो हवेविनाही थोडाफार पकडतो. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. हळूहळू म्हणजे महिने आणि वर्षं. बिल्डरच्या वेळापत्रकात हे बसत नाही.

गूळ आणि बेलफळ खरं आहे. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा जास्त विरघळतो, मिश्रण चिकट आणि कामाला सोपं होतं. पण "पूर्वजांचं गुप्त रसायन" म्हणून फिरणारे मेसेज मला पाठवू नका. प्रत्येक गावात जे मिळत होतं ते घातलं जात होतं आणि प्रमाण चुकलं तर तेही काम बिघडायचंच. खरं कौशल्य मुरवण्यात आणि मळण्यात. ते जाणणारे गवंडी आता मोजके उरलेत. एका कामावर सत्तरीच्या मिस्त्रींनी थापीवर चुना उलटा धरून दाखवला, पडला नाही, तर म्हणाले, "आता लाव." प्रयोगशाळेचा अहवाल दोन आठवड्यांनी आला, त्याचाही निष्कर्ष तोच.

लोखंड वापरलेल्या इमारतींचं काय?

दगडापेक्षा त्या मला जास्त रात्री जागवतात. लोखंड गंजलं की दोन ते सहापट जागा मागतं आणि भोवतीचा दगड किंवा काँक्रीट फोडून ती घेतं. एकोणिसाव्या शतकात दगडांना जोडायला बसवलेल्या लोखंडी पट्ट्या आज कोपरे उडवतायत. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या. त्या सुरुवातीच्या आरसीसीच्या आहेत, सळीवर काँक्रीटचं आवरण कमी आणि समोर खारा वारा. दगड शतकं काढतो, आरसीसी इतकं सोशिक नाही.

आणि वॉटसन्स हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. १८६०च्या दशकात ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने मुंबईत आणला आणि जोडला. अशा धर्तीच्या, जगातल्या अगदी सुरुवातीच्या इमारतींपैकी एक. २००५ मध्ये तिचा पुढचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचं म्हटलं, संवर्धनातल्या जाणकारांनी हरकत घेतली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मला विचाराल तर दोन्ही बाजू वेगळे प्रश्न सोडवत होत्या. "ही आजच्या कोडला उतरते का?" याचं उत्तर नाही. "ही सुरक्षित करता येईल का?" हा प्रश्न निराळा आणि महाग. ओतीव लोखंड दाब छान घेतं, ताण आला की इशारा न देता तुटतं आणि त्याला वेल्डिंग नीट लागत नाही. अवघड काम होतं. अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

आमचा वाडा पाडायचा की ठेवायचा?

आधी दोघांनी, म्हणजे तुम्ही आणि भावंडांनी, घरात ठरवा. निम्म्या वाड्यांचा आजार तुळईत नसतो, सातबारात आणि वाटणीत असतो.

तांत्रिक बाजू सांगते. वाड्याचं वजन बहुतेक लाकडी सांगाड्यावर असतं: खांब, तुळया, खण. विटा-मातीची भिंत भरावाची. त्यामुळे भिंत वाईट दिसली तरी वाडा उभा राहू शकतो आणि भिंत गिलाव्याने गुळगुळीत असली तरी आतला खांब वाळवीने पोकळ असू शकतो. मी हातोडीने ठोकत जाते. सागवान खणखणीत बोलतं, पोखरलेलं बद्द आवाज देतं. टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून नवं लाकूड सांध्यात बसवता येतं, अख्खी तुळई बदलायची गरज नाही. सगळ्यात जास्त नुकसान करतात ती नंतर बसवलेली न्हाणीघरं. पहिल्या मजल्यावर कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या जमिनीच्या, डोक्यावर कोबा, टाइल्स आणि गळका पाइप. नाना फडणवीसांच्या काळापासून टिकलेलं लाकूड वीस वर्षांच्या संडासाने खाल्लेलं मी पाहिलंय.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत "सी-१" आली. म्हणजे संपलं का?

मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीला ऑडिट सक्तीचं आहे आणि त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए, सी-२बी म्हणजे दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. ही वर्गवारी गरजेची आहे, दर पावसाळ्यात माणसं मरतात. पण ती भरणारा माणूस कोण, हे बघा. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक तपासणी काँक्रीटसाठी आहेत. दगडी-चुन्याच्या इमारतीला त्याच फूटपट्टीने मोजलं की ती नापास होणारच, माशाला झाडावर चढायला लावल्यासारखं.

दुसरी बाजूही सांगते. माझ्याकडे असे मालक आलेत ज्यांना सी-१ हवं होतं, कारण भाडेकरू निघाले की जमीन मोकळी. असे भाडेकरूही आलेत ज्यांना काहीही करून सी-२ हवं होतं, कारण ट्रान्झिट कॅम्पमध्ये, म्हणजे तात्पुरत्या घरांत, गेलेले परत येत नाहीत हे त्यांनी पाहिलंय. दोघांनाही मी तेच सांगते: जे दिसेल ते लिहीन. यामुळे बरीच कामं गेली. एकदा मात्र खरोखरच सी-१ द्यावा लागला, सुंदर इमारत होती, लाकडी जिन्याला नक्षी. तळमजल्याच्या दुकानदाराने शटरसाठी भार घेणारी भिंतच काढली होती. चार दिवसांत रिकामी करून घेतली. त्या जिन्याची मापं काढून ठेवली आहेत.

भूकंपात जुनी घरंच का पडतात?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. सुमारे ८,००० माणसं गेली आणि बहुतेक स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली. जाडजूड भिंती, पण आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना बांधलेलाच नव्हता. दोन पापुद्रे, मध्ये माती-खडीचा भराव. हलल्यावर दोन्ही सुटे झाले आणि वरून जड माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आलं. जिथे माळवद लाकडी खांबांवर स्वतंत्र टेकलेलं होतं तिथे भिंती पडूनही छत राहिलं, अशी घरं होती.

म्हणून दगडी भिंतीत आरपार जाणारे बांधाचे दगड आणि छताच्या पातळीला चहूबाजूंनी एक पट्टा, या दोन साध्या गोष्टींवर मी हट्ट धरते. आयएस १३८२८ आणि आयएस १३९३५ या मानकांत हे सगळं लिहिलेलं आहे. जुन्या वास्तूत काँक्रीटचा पट्टा घालायच्या ऐवजी बऱ्याचदा भिंती बांधून ठेवणारे स्टेनलेस स्टीलचे टाय वापरता येतात, जे उद्या कोणाला अधिक चांगलं सुचलं तर काढताही येतील.

परवानग्या?

कोणाच्या यादीत आहे त्यावर. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं स्मारक असेल तर भोवतीच्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. शनिवारवाड्याशेजारच्या लोकांना हे मी सांगायला नको. राज्य संरक्षित वास्तूंचा कायदा वेगळा. मुंबईत १९९५ पासून श्रेणी १, २, ३ अशी यादी आणि वारसा समिती आहे. वेळ लागतो. धीर धरा आणि फायलीची पोच घ्या.

काय शिकायला हवं? पैसे मिळतात का?

सिव्हिलची पदवी, मग स्ट्रक्चर्समध्ये पदव्युत्तर. आयआयटी मद्रासमध्ये वारसा वास्तूंच्या सुरक्षिततेचं केंद्र आहे. युरोपात मिन्यो, पादुआ, बार्सिलोना आणि प्राग इथली विद्यापीठं मिळून याच विषयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवतात. पण आधी एक पावसाळा परांचीवर काढा. ओळंबा धरायला शिका. गवंड्याला अहो-जाहो करा, तो तुम्हाला जे सांगेल ते कुठल्याच कोडमध्ये नाही.

पैसे: टॉवर डिझाइन करणाऱ्या वर्गमित्रांपेक्षा कमी आणि उशिरा. ट्रस्ट आणि सरकारी कामांची बिलं पिकायला आंब्याच्या कोयीइतका वेळ लागतो. मी घर चालवण्यासाठी नव्या इमारतींची कामंही घेते, यात लाज वाटत नाही.

बाई म्हणून साइटवर त्रास होतो का?

सुरुवातीला मुकादम माझ्याकडे न बघता माझ्या ज्युनिअर मुलाला उत्तर द्यायचे. शिडीवरून घुमटात गेले की थांबतं ते. स्वच्छतागृहाचा प्रश्न मात्र वीस वर्षांत सुटलेला नाही.

सगळ्यात अवघड निर्णय कोणता?

"काही करू नका" असं लिहून खाली सही करणं. चार लोखंडी खांब लावा म्हटलं तर कोणी विचारत नाही. इंजिनिअर सुरक्षित, क्लायंट खूश, इमारतीची शोभा गेली तर गेली. काही करू नका म्हटलं की सगळी जबाबदारी एकट्या सहीवर. त्यासाठी मापं, काचांच्या नोंदी, दोरी, हिशेब, सगळं दहापट करावं लागतं, आणि त्याची फी मागताना समोरचा विचारतो, "पण तुम्ही तर काहीच सुचवलं नाही?"

काही करण्याच्या उत्साहाचा एक धडा जुन्या गोव्यात आहे. बॉम जेझस बासिलिका १६०५ मध्ये पूर्ण झाली, जांभ्या दगडाची. १९५०च्या दशकात दुरुस्ती करताना बाहेरचा चुन्याचा गिलावा उतरवला, जुनेपण उघडं दिसावं म्हणून. जांभा उघडा पडला. आता लाल भिंतीचे फोटो सगळ्यांना इतके आवडतात की गिलावा परत लावायचं नाव काढलं तर लोक चिडतात आणि दर पावसाळ्यात दगड थोडा थोडा झिजतो. मी तिथे गेले की भिंतीला तळहात लावते. लाल धूळ येते.

फोटो पाठवला तर सांगाल का?

नाही. पण येण्याआधी एवढं करून ठेवा: भेगेवर पेन्सिलने आजची तारीख लिहा, तिची दोन्ही टोकं आडव्या रेघेने खूण करा, गच्चीवरच्या पन्हळी साफ करा आणि पहिल्या मजल्यावरचा तो पाइप खरंच कुठे गळतोय ते शोधा. निम्म्या वेळा मला यायची गरजच पडत नाही.